जाहिरात लागली की

मी रिमोट बोलतोय. हो, तोच, जो सापडत नाही म्हणून तुम्ही घर डोक्यावर घेता आणि शेवटी स्वतःच्याच बुडाखालून बाहेर काढता.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. या घरात आलो तेव्हा अंगावर चाळीस बटणं होती. त्यातली चौतीस आजवर कुणी दाबलेली नाहीत. पहिली दोन वर्षं घरमालकांनी मला प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरही काढलं नाही, नवा राहावा म्हणून. पुढे सेल संपत आले की मला तळहातावर आपटायला लागले. सेल बदलायचे नाहीत, आपटायचं! त्यात माझं मागचं झाकण गेलं. आता चिकटपट्टीवर दिवस काढतोय.

घरमालक लिफ्टदुरुस्तीचं काम करतात. दिवसभर अडकलेल्या माणसांना सोडवतात आणि घरी येऊन स्वतः सोफ्यात अडकतात. गेल्या वर्षी त्यांना कुठूनशी एक साइट सापडली. मालिका, सिनेमे, सगळं फुकट. फक्त मधे मधे जाहिराती. जणू खजिना सापडल्यासारखे नाचले. "फुकट आहे गं, फुकट!" बायकोला दहादा सांगून झालं.

तेव्हापासून या घरात जे चालतं त्याला सिनेमा बघणं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. एक लावायचा, वीस मिनिटांत नाकं मुरडायची, दुसरा लावायचा. जाहिरात लागली की मालक माझं आवाज बंद करायचं बटण दाबणार, मला फेकणार आणि उठणार. बायको धुतलेले कपडे वाळत घालायला, मुलगी मोबाइल घेऊन आतल्या खोलीत. परत येईपर्यंत सिनेमात दोन माणसं मेलेली असतात. कुणी मारलं, का मारलं, काही पत्ता नाही. आणि वर तोंड करून म्हणायचं, "कथाच नाही यात!" बटण दाबेपर्यंत कानावर पडणारी गादीच्या जाहिरातीतली चाल मात्र तिघांनाही पाठ आहे. आवाज बंद करायचं ते बटण इतकं झिजलंय की त्यावरची खूणसुद्धा पुसली गेली.

घरात चौथं माणूस आहे, मालकांची आत्या. चौऱ्याहत्तर वर्षांची. तरुणपणी ती सिनेमावाल्यांकडे कपडे शिवायची. एकदा नर्सचं काम करणारी बाई आलीच नाही, तेव्हा दिग्दर्शकाने आत्यालाच तिनेच शिवलेला पांढरा पोशाख चढवून कॅमेऱ्यासमोर उभं केलं. एक वाक्य दिलं. सिनेमा आठवडाभरही चालला नाही, पुढे कुणाच्या दृष्टीस पडला नाही. घरात मात्र आत्याची थट्टा सुरूच राहिली.

"काय गं हिरॉईन, काय होतं ते वाक्य?" मालक विचारायचे.

"पडद्यावरच ऐका," आत्या म्हणायची. चाळीस-पन्नास वर्षं तिने ते वाक्य कुणाला सांगितलं नाही. आपण थापा मारत नव्हतो, एवढं एकदा या घराने बघावं, ऐकावं, इतकीच तिची इच्छा.

आणि एके दिवशी मुलीला तोच सिनेमा त्या फुकट साइटवर दिसला. "आत्याआजी, सापडला तुझा सिनेमा!"

रविवारी दुपारी सगळे बसले. आत्या इस्त्रीचे कपडे घालून, केस विंचरून सोफ्याच्या टोकाला. हात मांडीवर घट्ट धरलेले. तासभर तिने पापणी लवू दिली नाही. मधल्या जाहिरातींना बाकीचे उठले, ती हलली नाही.

"आता बरं का," ती एकदम म्हणाली. "हा दवाखाना आला. आता कुणी उठू नका."

पडद्यावर खाटेवर एक म्हातारा बसलेला. दार उघडलं. पांढऱ्या बुटातलं एक पाऊल आत पडलं. आणि गादीची जाहिरात लागली.

"तो बूट माझा!" आत्या ओरडली.

"वा वा!" मालक हसले, सवयीने माझं बटण दाबलं आणि उठले. "दोन मिनिटं आहेत, चहा टाकतो." बायको कपड्यांकडे गेली. मुलगी फोनवर बोलत आत गेली. ओळीने तीन जाहिराती लागतात, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. त्या दिवशी एकच लागली.

पंधरा सेकंदांत दवाखाना परत आला. दारात एक सडपातळ तरुणी उभी. तेच नाक, तीच मान.

"अरे, आले मी! या लवकर!"

"आलोच, आलोच! जाहिरात आहे ना अजून?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

आत्याने मला उचललं. तिचा अंगठा माझ्या बटणांवरून फिरू लागला. एकदा तिच्या हातून काही दाबलं गेलं आणि टीव्ही परक्या भाषेत बोलू लागला, तेव्हापासून "आत्या, तू हात लावू नकोस हं" असं तिला बजावलेलं. त्यात खूण पुसलेली, चाळीस बटणांत तिला हवं ते सापडेना. पडद्यावरच्या पोरीने ओठ हलवले. आवाज नाही. तो मीच बंद केला होता.

मग सोफ्यावरच्या आत्याने त्या ओठांबरोबर, रिकाम्या खोलीत, ते वाक्य म्हटलं.

"तुमचं कुणी यायचं आहे का?"

म्हाताऱ्याने नकारार्थी मान हलवली. नर्स गेली.

मालक चहा घेऊन आले तेव्हा पडद्यावर भलतीच मारामारी चालली होती. "झालं का तुझं?"

"झालं."

"अरेरे! थांब, मागे घेतो." घेतला, तर पुन्हा जाहिराती. या वेळी तीन. तेवढ्यात त्यांना कुठल्याशा अडकलेल्या लिफ्टचा फोन आला. "नंतर बघू गं आत्या. फुकटच तर आहे, कुठे पळून जातोय?"

गेला. पुढच्या महिन्यात तो सिनेमा साइटवरून दिसेनासा झाला. मालकांनी दोनदा शोधला आणि हात झटकले. परवा पाहुणे आले तर छाती फुगवून सांगत होते, "आमच्या आत्याने सिनेमात काम केलंय. बघितला ना आम्ही सगळ्यांनी बसून!" माझं बोलणं त्यांना ऐकू जात असतं तर तिथेच तोंडावर खोटं पाडलं असतं. आत्या पाहुण्यांचे कप उचलून आत गेली.

माझे सेल आता पार उतरलेत. नवा रिमोट मागवलाय म्हणे. जाण्याआधी तुम्हाला एवढंच सांगतो, जाहिरातीवर डाफरू नका. ती बिचारी पंधरा सेकंदांत निघून जाते. उठून जाता ते तुम्ही.

आजही जाहिरात लागली की माझं बटण दाबून तिघं उठतात. आत्या बसून असते. हल्ली ती पडद्याकडे बघत नाही, आतल्या दाराकडे बघते. आणि अगदी हळू, नर्सच्या आवाजात, विचारते, "तुमचं कुणी यायचं आहे का?"