घरगुती मीटर

देशातली सगळी वाहनं बारा वर्षांत विजेवर आणायची, असा आराखडा आमच्या कार्यालयात शिजत होता. माझ्या वाट्याला आलं होतं बंद पडणाऱ्या गॅरेजांचं प्रकरण. तिथल्या लोकांना प्रशिक्षण आणि नवा परवाना द्यायचा. परवाना नसेल त्याने विजेच्या गाडीला हात लावायचा नाही, एवढं ठरलं होतं. पण गॅरेजं किती, हे कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि गल्लीबोळ पालथे घालायला माणसं नव्हती.

तेव्हा मीच डोकं चालवलं. वीज कंपनीकडून दुकानी मीटरची यादी मागवली आणि त्यातली गॅरेजं वेगळी काढली. दोन वर्षांचं काम तीन आठवड्यांत उरकलं. साहेबांनी भर बैठकीत पाठ थोपटली. मला आभाळ ठेंगणं झालं होतं, खोटं कशाला बोलू.

माझा थोरला भाऊ ट्रकच्या इंजिनांचे डिझेल पंप दुरुस्त करतो. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं दुकान. बाबा गेल्यावर त्याने शाळा सोडली आणि मला शिकवलं. पंप तपासायच्या यंत्राच्या घरघरीत मी पदवीचा अभ्यास केला. आराखड्याचं कळलं तेव्हा दादा घाबरला नाही. उलट वहिनीला म्हणाला, आपला माणूस आत बसलाय, काळजी कसली. विजेच्या मोटारींवरचं एक जाड पुस्तकही त्याने आणलं. चष्मा लावून रोज दोन पानं वाचायचा.

यादी छापून आली, तिच्यात दादा नव्हता. आधी वाटलं, छपाईची चूक. मग आठवलं. दुकानाचं मीटर घरगुती होतं, तेही माझ्या नावावर. दुकानी मीटर घेऊ का, असं दादाने मला दोनदा विचारलं होतं. कशाला नसता उपद्व्याप, असं मीच म्हणालो होतो.

साहेबांकडे गेलो. एक नाव घातलं तर अशी हजारो घालावी लागतील, ते म्हणाले, आणि त्यातही स्वतःच्या भावाचं? तेव्हा कुठे मला ते हजारो दिसले. लाज वाटली, पण उशिरा.

यादीतून सुटलेल्यांच्या हरकतींना उत्तरं धाडायचं कामही माझंच. दादाचा अर्ज टपालाने रीतसर आला. नातं त्याने कुठे लिहिलं नव्हतं. सदर पत्त्यावर व्यवसाय असल्याची नोंद आढळत नाही, हा ठरलेला मजकूर मी पाठवला, खाली सही करून.

रविवारी घरी गेलो. पत्र यंत्रावर ठेवलेलं होतं, कडेला तेलकट बोटांचे डाग. मी सगळं सांगितलं, मीटरचंही. दादा पंप पुसत ऐकत राहिला.

"तू या यंत्राशेजारीच बसून अभ्यास करायचास ना रे?" त्याने विचारलं.

मी हो म्हणालो.

"मग तेवढं तरी लिहायचंस."

त्याने ते जाड पुस्तक माझ्या हातात ठेवलं आणि यंत्र चालू केलं.