भिंतीवरचा उटकटारा

कचेरीच्या भिंतीवर रंगाऱ्याने ‘गायरानातला’ एवढं लिहिलं आणि कुंचला तिथंच अडला. पुढचा शब्द काय, यावरून शिडीखाली मास्तर आणि कारकून एकमेकांच्या उरावर बसायचेच काय ते बाकी होते.

“उंटकटारा!” मास्तर म्हणाले. “उंट आवडीने खातो म्हणून उंटकटारा. अर्थ कळला की टिंब आपोआप येतं.”

“या गावात उंट आलाय कधी?” कारकुनाने चष्मा पुसला. “मूळ शब्द उत्कंटक. काटे वर करून उभा असलेला. सरकारी भिंत आहे, शुद्धच लिहायला हवं.”

“उत्कंटक! लोकांना वाटेल नवा साहेब बदलून आला.”

रंगाऱ्याच्या टाचेतला काटा काढताना आई लहानपणी ‘मेला उटकटारा’ म्हणायची. तो शब्द त्याच्या ओठांपर्यंत आला आणि नेहमीसारखा मागे फिरला. त्याची सारी अक्षरं भिंतीवरच उमटत, तोंडून क्वचित.

गावाची रीत अशी, की भिंतीवर सूचना रंगली की दुसऱ्या सकाळी घरटी एक माणूस कुदळ घेऊन हजर. सूचना नसताना कुणी गायरानात कुदळ मारायची नाही. भिंतीवरच्या मोकळ्या जागेकडे बघत आठ दिवस गेले. तिकडे गायरानात त्या काटेरी झाडांची निळसर गोल बोंडं वाऱ्यावर डुलत होती, काही वाळूही लागली होती. ती फुटली की बी उडणार, आणि वाऱ्याच्या वाटेत पहिलं शेत आक्काचं.

आक्का एकटी कसायची. मागल्या साली हरभरा उपटायला आलेल्या बायका पिकात माजलेल्या या काट्यांनी एका ओळीतच हात रक्ताळून माघारी गेल्या होत्या. निम्मा हरभरा उभ्या रानात तडकला. यंदा पुन्हा तसंच झालं तर शेत दुसऱ्याच्या हाती देऊन तिला भावाच्या दारात जाऊन बसावं लागणार होतं.

नवव्या दिवशी ती कचेरीसमोर आली.

“झालं का बारसं?”

“आक्का, हा अर्थाचा प्रश्न आहे,” मास्तर म्हणाले. “उंट...”

“मग उंटालाच बोलवा की. खाऊन तरी टाकील. तुम्ही दोघं नुसते चघळताय.”

कारकून खाकरला. “शब्द ठरल्याशिवाय सूचना पुरी होत नाही.”

आक्का आली तशी गेली आणि तासाभराने पाठीवर पोतं घेऊन परतली. पोत्यातून तिने मुळासकट खणलेलं हातभर झाड काढलं. मुळाची माती कचेरीच्या पायरीवर सांडली.

“रंगारीबुवा, खिळा आहे?”

शिडीवरून रंगाऱ्याने खाली पाहिलं. मास्तर डोळे वटारत होते, कारकून मान हलवत होता. त्याचे कान तापले. पण खिळा त्याने खिशातून काढला. झाड फडक्यात धरून त्याने मोकळ्या जागेत ठोकलं आणि पुढे एका दमात रंगवलं : ‘उद्या सकाळी घरटी एका माणसाने खणून काढावा.’

“हे कुठल्या नियमात बसतं?” कारकून किंचाळला.

“त्याच्यावर बसून बघा,” आक्का म्हणाली, “लगेच कळेल.”

दुसऱ्या सकाळी गायरानात चाळीस कुदळी वाजल्या. ज्याला वाचता येत नव्हतं, तोही आला होता. दुपारपर्यंत सारं रान मोकळं झालं आणि त्या साली आक्काचा हरभरा बायकांनी गप्पा मारत उपटला.

भिंतीवरचं झाड मात्र उतरवायचं राहिलं. त्याचा शब्द कुणी ठरवला नव्हता, मग काढण्याचा हुकूम तरी कुणी द्यायचा? ते वाळलं, फुटलं, आणि पाऊस पडून गेल्यावर कचेरीच्या पायरीशी सात कोवळी काटेरी रोपं उगवली. मास्तर आणि कारकून त्यांच्यावर ओणवून पुन्हा टिंबावर आले होते.

रंगारी तिथून चालला होता. तो थांबला. घसा खाकरून, दोघांकडे न बघता म्हणाला, “उटकटारा.”

आणि लाजून, जवळजवळ पळतच, आक्काकडून खुरपं आणायला गेला.