दहा मिनिटांची ओळख

धाकटीने चिठ्ठी उघडली, आकडा वाचला आणि शेजारणीच्या कोपराला चिमटा काढला.

“बदलतेस?”

“का? तुला कोण आलंय?”

“सतरा.”

“अगं, म्हणजे काकू! नशीब काढलंस. मला तो चष्मेवाला आलाय. त्याची मुलाखत म्हणजे भिंतीशी गप्पा.”

“मला चालेल भिंत. दे ना.”

चिठ्ठ्यांची अदलाबदल बाकाखाली होत असतानाच शिकवणाऱ्या बाई समोर येऊन उभ्या राहिल्या. दर दोन वाक्यांनंतर त्या “इथे पॉज घ्या” म्हणायच्या, म्हणून वर्गाने त्यांचं नाव ‘पॉज मॅडम’ पाडलं होतं. त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या हातात घेतल्या, पाहिल्या आणि ज्याची त्याला परत दिल्या.

“जो वाट्याला आला तो आला,” त्या म्हणाल्या. “आयुष्यात श्रोते निवडून मिळत नाहीत.”

मग त्यांनी फळ्यावर पाच प्रश्न लिहिले. दहा मिनिटं बाहेर जाऊन जोडीदाराला हे प्रश्न विचारायचे, आत येऊन त्याची ओळख वर्गाला करून द्यायची. वेळ तीन मिनिटं. शेवटी वर्ग प्रत्येक जोडीला एक प्रश्न विचारणार.

पहिल्या बाकावरून एक हात वर झाला.

“सतरा कुणाकडे आहे?” धाकटीची आई मागे वळून विचारत होती.

धाकटीने चिठ्ठी वर धरली.

सहा आठवडे त्या दोघींनी हे सांभाळलं होतं. बोलण्याचा हा कोर्स धाकटीच्या वर्गाला सक्तीचा होता. रिकाम्या जागांवर बाहेरची माणसंही घेत. पहिल्या शनिवारी आई दारातून आत आली, तेव्हा धाकटीने वहीत डोकं घातलं होतं. आईने घरी एवढंच सांगितलं होतं, की बढतीसाठी कसलासा कोर्स करावा लागणार आहे. त्या दिवशी घरी गेल्यावर धाकटीने अटी घातल्या. वर्गात ओळख दाखवायची नाही. एका बसने यायचं नाही. डबा खाल्ला का, असं विचारायचं नाही. आई शर्टाचं बटण लावत होती. दोरा दाताने तोडून ती “बरं, बाई” म्हणाली, आणि तेव्हापासून तिने शब्द पाळला होता. त्यांच्या आडनावाची वर्गात चार जणं होती, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. सगळे आईला काकू म्हणायचे. धाकटी काहीच म्हणायची नाही.

व्हरांड्यात जोड्या पांगल्या. जिन्याजवळच्या खिडकीशी दोन खुर्च्या मोकळ्या होत्या. आईने पर्समधून वही काढली, पेनाचं टोपण मागे लावलं आणि समोरची खुर्ची दाखवली.

“बसा ना.”

“आई, प्लीज. हे आपण असंच लिहून टाकू. मला सगळं माहितीये.”

“कोण आई?” आई म्हणाली. “नियम तुमचा आहे. आधी तुम्ही विचारता की मी विचारू?”

धाकटी खुर्चीच्या कडेवर टेकली. तिचा पाय आपोआप हलायला लागला. दोन आठवडे तिला एका जागी बसता येत नव्हतं. जेवताना उठून पाणी आणायची, पाणी आणून ते प्यायला विसरायची.

“तुम्ही काय काम करता?” तिने घाईघाईने वाचलं.

“मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात आहे. रोज नऊशे चादरी. मशीनमध्ये टाकण्याआधी मी प्रत्येक गाठोडं उघडून झटकते.”

“का?”

“वस्तू सापडतात. पेनं, चमचे, कुणाचं लॉकेट. एकदा कवळी सापडली. मी ती कागदात गुंडाळून तीन वॉर्ड हिंडले. शेवटी एका आजोबांनी तोंड उघडून दाखवलं, म्हणाले, माझीच आहे, बघा, जागा रिकामी आहे.”

धाकटीला हसू आलं. हे तिला माहीत नव्हतं. तिने कवळी लिहिली आणि पुढचा प्रश्न विचारला.

“हा कोर्स का घेतला? बढतीसाठी. लिहिते.”

“नका लिहू. बढती मिळून दोन महिने झाले. तिला कोर्सबिर्स लागत नाही.”

धाकटीचं पेन थांबलं.

“घरी माझी मुलगी आहे,” आई वहीकडे बघत म्हणाली. “घरात ती ‘हं’ आणि ‘नको’, एवढंच बोलते. तिच्या कॉलेजात बोलायला शिकवतात, असं कळलं. म्हटलं, बघू तरी, बोलायला लागली की कशी दिसते.”

जिन्यावरून कुणीतरी धडाधडा उतरत गेलं. धाकटीचे कान तापले. राग आला होता हे नक्की, पण तो नेमका कशाचा हे तिला धरता येईना. सहा आठवडे पहिल्या बाकावर पाठमोरी बसलेली आई तिच्या डोळ्यांपुढे आली. मागच्या शनिवारी धाकटी व्यासपीठावर पुढचं वाक्य विसरली होती, तेव्हा फक्त तीच पाठ ताठ झाली होती. तिने कागदावर लिहिलं : आवड म्हणून.

“आता माझी पाळी,” आई म्हणाली. “तुम्हाला कशाची आवड आहे?”

“वाचन. प्रवास.”

“हे सगळेच सांगतात.”

आई नुसती बघत राहिली, पेन कागदावर टेकवून, घाई नसल्यासारखी. घरी ती असं कधी थांबायची नाही. घरी प्रश्नामागून कुकरची शिट्टी तरी यायची किंवा बाबा तरी.

“तुमच्या हॉस्पिटलात,” धाकटी म्हणाली आणि स्वतःच दचकली, “तळमजल्यावर एक खोली आहे. धुलाईखान्याच्या अलीकडे. मी एकदा कुणाचा तरी विसरलेला चष्मा द्यायला आले होते. दार उघडं होतं. आत एक माणूस दोन दांड्यांना धरून नव्या पायावर उभा होता. दुसरा खाली गुडघ्यांवर बसून त्या पायाला कानस मारत होता. थोडं घासायचा, म्हणायचा, चाला. परत घासायचा. अर्धा तास मी तिथेच उभी होते.”

“त्या खोलीवरून मी रोज जाते,” आई हळूच म्हणाली आणि लिहायला लागली. तिचं अक्षर मोठं होतं, ओळ लवकर भरायची. “पुढचा. पुढच्या वर्षी या वेळी तुम्ही कुठे असाल?”

उत्तर सोपं होतं : इथेच, शेवटच्या वर्षाला. मग बँकेच्या परीक्षा. बाबांनी भिंतीवर तक्तासुद्धा लावला होता. दादा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला त्याला चार वर्षं झाली. रविवारी फोन करायचा, तीन मिनिटं. फोन ठेवला की बाबा दर वेळी तेच म्हणायचे, “एक गेला तेवढं पुरे.” हे वाक्य ते धाकटीकडे बघून म्हणत नसत, पण ते तिच्यासाठी असायचं.

“इथे नसेन,” धाकटी म्हणाली.

आईने मान वर केली नाही.

“कृत्रिम हातपाय बनवायला शिकवतात, तिथे अर्ज केला होता. साडेतीन वर्षं. हॉस्टेलवर राहायचं. दोन आठवड्यांपूर्वी यादीत नाव आलं. पंधरा तारखेपर्यंत हो की नाही कळवायचंय.”

“घरी सांगितलंत?”

“नाही.”

“का?”

“हा प्रश्न यादीत नाही.”

“खरं आहे,” आई म्हणाली आणि वही मिटली. आतून मॅडमनी टाळी वाजवली होती.

धाकटीचा नंबर चौथा लागला. ती समोर गेली, दोन्ही पायांवर सारखा भार दिला, श्वास घेतला. धुलाईखाना, नऊशे चादरी, गाठोडी. आवाज बरा लागला होता. कवळीपाशी वर्ग पुढे झुकला.

“मग ती कवळी घेऊन ती तीन वॉर्ड हिंडली...”

“एक मिनिट,” मॅडम मागून म्हणाल्या. “वयाने मोठ्या आहेत. ‘त्या हिंडल्या’ म्हणा.”

कुणीतरी खुदकन हसलं. आई पहिल्या बाकावर हातांची घडी घालून बसली होती. आता सांगून टाकता आलं असतं. एक वाक्य, तेही छोटंसं.

“हो,” धाकटी म्हणाली. “त्या हिंडल्या.”

पुढचं तिने भराभर संपवलं. कोर्स त्यांनी आवड म्हणून घेतला आहे, असं सांगितलं. टाळ्या पडल्या. जागेवर येऊन बसली तेव्हा तिची मान आपोआप खाली गेली, आणि शेजारीण कानात म्हणाली, “मस्त झालं गं. उगाच बदलत होतीस.”

आई उठली. वही बाकावरच ठेवून गेली. समोर उभं राहिल्यावर हात कुठे ठेवायचे ते तिला कळेना; मग तिने ते एकमेकांत धरले, गाठोडं धरावं तसे.

“यांची माझी ओळख दहा मिनिटांची आहे,” ती म्हणाली. “त्यामुळे चुकलं तर सांभाळून घ्या. यांना वाटतं, आपल्याला वाचन आणि प्रवास आवडतो. मला तसं वाटत नाही. यांना माणूस उभा राहताना बघायला आवडतं.”

मग तिने खोलीचं सांगितलं. दांड्या, कानस, चाला म्हणणारा माणूस. धाकटीने जे भराभर उरकलं होतं, ते ती सावकाश सांगत होती, जणू ती स्वतःच त्या दारात अर्धा तास उभी होती. वर्गात पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला.

“पुढच्या वर्षी या इथे नसतील. दुसऱ्या गावी शिकायला जाणार आहेत. यादीत नाव आलंय. घरी अजून सांगितलेलं नाही.”

एवढं बोलून आई थांबली. मॅडमनी शिकवलेला पॉज मनात तीन आकडे मोजण्याएवढा होता. हा त्याहून बराच मोठा झाला, इतका, की पहिल्या बाकावरच्या एकाने मान वळवून मॅडमकडे पाहिलं. आईने ओठ दाबून धरले होते. नाकाने श्वास घेतला.

“मला वाटतं, घरचे नाही म्हणणार नाहीत,” ती म्हणाली. “झालं माझं.”

“प्रश्न?” मॅडम म्हणाल्या.

चष्मेवाल्याने हात वर केला. सहा आठवड्यांत तो पहिल्यांदाच काही विचारत होता.

“नाही म्हणणार नाहीत, हे तुम्हाला कसं माहीत?”

“सगळ्यांचं नाही माहीत,” आई म्हणाली. “त्यांच्या आईला ओळखते मी.”

वर्ग हसला. कुणाला ती गंमत वाटली, कुणाला दोघींची जुनी शेजारओळख असावी असं वाटलं. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी आईकडे पाहिलं, मग शेवटून दुसऱ्या बाकावरच्या धाकटीकडे, आणि हातातल्या गुणपत्रकावर काही न लिहिता पुढचा नंबर पुकारला.

तास सुटल्यावर धाकटी स्टॉपवर गेली. आईची बस अजून आली नव्हती. धाकटी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. आई समोरच्या दुकानाच्या पाटीकडे बघत होती.

“अर्ज कधी केलास?”

“चार महिने झाले.”

“चार महिने,” आई म्हणाली. आवाज वर्गातला नव्हता. “आणि मी तुला रोज विचारतेय, भाजीत मीठ बरोबर आहे का.”

धाकटी आणखी जवळ सरकली. “तू वर्गात किती छान...”

“छान काय! हात कुठे ठेवायचे तेसुद्धा कळत नव्हतं.” आईने पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. “साडेतीन वर्षं म्हणालीस?”

“हो.”

“सुट्ट्या?”

“वर्षातून दोनदा.”

आईने मान हलवली, हो म्हणून की नुसतीच, ते कळलं नाही. कोपऱ्यावर बस दिसली.

“बाबांना तू सांगशील?” धाकटीने विचारलं.

“नाही.”

“आई...”

“तुझं तू सांग. मी सांगितलं तर ते माझ्याशी भांडतील आणि तुला काहीच बोलणार नाहीत. दादाच्या वेळी मीच सांगितलं होतं.” बस थांबली. आईने दांडा धरला आणि पायरीवरून मागे न बघता म्हणाली, “अजून बाप-लेक बोलत नाहीत धड.”

बस गेली. धाकटीची बस यायला वेळ होता. ती स्टॉपच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. बाबा आता कारखान्यात असतील. शनिवारी ते दारांच्या चौकटी कापायचे. घरी बोलणं बरं की फोनवर, हे ती ठरवत राहिली, आणि ठरवून होण्याआधीच तिने नंबर लावला.

पलीकडून करवतीचा कर्कश आवाज आला, इतका, की तिने फोन कानापासून दूर धरला.

“काय गं?” बाबा ओरडले. “बरी आहेस ना?”

“बरी आहे. बाबा, मला काहीतरी सांगायचंय.”

“काय? ऐकू येत नाही!”

“सांगायचंय काहीतरी!”

“थांब. मशीन बंद करतो.”

पावलं ऐकू आली, मग खटका. करवतीचं पातं लगेच थांबलं नाही. त्याचा आवाज हळूहळू खाली येत गेला, जाड झाला, घोगरा झाला, आणि एकदाचा विरला. पलीकडे कुणीतरी खोकलं. धाकटी रिकाम्या स्टॉपवर सरळ उभी राहिली.

“हं,” बाबा म्हणाले. “बोल आता.”