वन्संचा फोटो

"दार उघडू नका! उघडलंत तर सगळं काळं होईल!" वहिनी न्हाणीघरातून ओरडली.

"अगं, मला कामावर जायचंय," नवरा बाहेरून कुरकुरला. "या घरात माणसांपेक्षा फोटोच जास्त आंघोळ करतात."

वहिनी आत लाल बल्बच्या उजेडात, पसरट थाळीतला कागद हळूच हलवत राहिली. शेजारपाजारचे कपडे शिवून उरलेला वेळ ती या नादात घालवी. फोटो धुण्याच्या औषधी पाण्याखाली कोऱ्या कागदावर आधी केस उगवत, मग डोळे. दर वेळी ती थाळीवर आणखी वाकायची.

तिला नाना प्रयोग करून बघायची भारी हौस. एकदा कॅमेऱ्याच्या भिंगासमोर लाल काच धरून तिने टोमॅटो टिपला, तो कृष्णधवल फोटोत अंड्यासारखा पांढरा आला. मग त्याच काचेतून आपला हात टिपला. मनगटावर इस्त्रीने भाजल्याचा तपकिरी डाग होता. फोटोत तो शोधावा लागला.

तेव्हाच तिला वन्सं आठवल्या.

वन्सं, म्हणजे तिच्या थोरल्या नणंदबाई, याच घरात राहत. बस स्थानकावर गाड्यांची घोषणा करत. सगळ्या गावाला त्यांचा आवाज पाठ होता, चेहरा मात्र फार थोड्यांना ठाऊक. ऐन सोळाव्या वर्षी हनुवटीवर आणि डाव्या डोळ्याभोवती कोड उठलं, तेव्हापासून त्यांनी फोटो काढून घेतला नव्हता. घरातल्या कुठल्याही समारंभात फोटोवाला आला, की वन्संना नेमकं आत काहीतरी काम निघे.

आता त्या निवृत्त होणार होत्या. कचेरीतल्या भिंतीवर निवृत्तांचे फोटो लावत, म्हणून साहेबांनी फोटो मागितला होता.

"नुसती चौकट लावा म्हणावं," वन्सं म्हणाल्या. "इतकी वर्षं आवाजावर भागलं ना त्यांचं?"

"वन्सं, एकदा माझ्यासमोर बसा. डाग दिसणार नाहीत. माझ्यावर सोडा."

"आणि दिसले तर?"

"तर फोटो तुमच्या हातानं फाडा."

रविवारी त्या खिडकीपाशी बसल्या. पाठ ताठ, ओठ घट्ट, जणू दात उपटून घ्यायला आल्या होत्या. वहिनीने लाल काच लावून चार-पाच फोटो काढले. काचेवर वाफ धरली, म्हणून ती पुसायला काढली, तेवढ्यात आतून नवऱ्याची हाक आली, "न्हाणीघरातली माझी बादली कुठाय?"

वन्संनी तिथूनच घोषणेचा सूर लावला, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. बादली गच्चीवर उभी आहे." आणि स्वतःच खळखळून हसल्या. वहिनीने काच लावायचं भान न ठेवता बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी दोन फोटो दोरीवर वाळत होते. लाल काचेतल्या फोटोत बाकीची कातडीही उजळली होती आणि डाग तिच्यात खरोखरच विरघळले होते. हसरा फोटो वहिनी काढून लपवणार, तोच वन्सं आत आल्या.

पहिल्या फोटोतल्या हनुवटीजवळ त्यांनी बोट नेलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "हिला बघायला आलेले नाही म्हणाले नसते गं."



वन्सं दुसऱ्या फोटोकडे वळल्या. हनुवटीवर, डोळ्याभोवती पांढरं स्वच्छ दिसत होतं. "हा तर काच काढून घेतलास!"

"चुकून झालं, वन्सं. फाडते मी."

"थांब." त्या अगदी जवळून बघू लागल्या. "मी अशी हसते?"

"अशाच हसता तुम्ही."

"कुणी सांगितलं नाही कधी." त्यांनी तो फोटो चिमट्यातून सोडवला. "हा देते कचेरीत."

"आणि पहिला?"

"तोही फाडू नकोस. माझ्या कपाटात ठेव. कधीतरी बघावीशी वाटेल मला ती."

सकाळी वन्सं निघाल्या. वहिनी फोटो गुंडाळायला वर्तमानपत्र घेऊन दारापर्यंत धावली.

"राहू दे," वन्सं म्हणाल्या. "चुरगळेल."

फोटोची बाजू बाहेर करून, पुठ्ठ्यासकट तो छातीशी धरून त्या जिना उतरल्या. वहिनी खिडकीशी आली. समोरून येणाऱ्या एका बाईने फोटोकडे पाहिलं, मग वन्संकडे. वन्संनी चेहरा न वळवता तिला वेळ विचारली, मान हलवली, आणि स्थानकाच्या रस्त्याला लागल्या.