बंद केलेली चाचणी

मित्रांनो, मी एक जुना कंपायलर आहे. नाव ऐकून घाबरू नका. तुम्ही वहीत मांडता तसे सूत्र माझ्यापुढे मांडले, की मी ते अक्षरांसकट सोडवतो, आटोपशीर करतो आणि यंत्राला कळेल अशा भाषेत लिहून देतो. मला हात नाहीत, पण या कामात माझा हात धरणारे फारसे कुणी नाही!

एका इंजिनिअरने मला जेवणाच्या टेबलावर घडवले. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला त्याची ताई शाळेतले गणिताचे पेपर तपासत असे. नोकरी सांभाळून, सुट्ट्या खर्चून त्याने मला वाढवले आणि माझी ओळन् ओळ कुणालाही वाचता, सुधारता येईल अशी खुली ठेवली. माझ्या वेगाचे कौतुक होऊ लागले. खरे सांगतो, मला थोडी शिंगे फुटली.

संख्येचा वर्ग करून वर्गमूळ काढले की तीच संख्या परत येते, असे धरून मी त्या दोन्ही पायऱ्या गाळत असे. माझी उत्तरे बरोबर आहेत का हे तपासणाऱ्या चाचण्यांपैकी एक रोज या नियमावर बोट ठेवायची. नवी आवृत्ती देण्याच्या घाईत इंजिनिअरने तिला बंद केले आणि शेजारी लिहिले, ‘नंतर बघू’. त्याला चार वर्षे झाली.

मग एका बाईंचे पत्र आले. अंथरुणाला खिळलेल्यांना उचलून खुर्चीत बसवणारे यंत्र त्या बनवत होत्या.

“यंत्राचा हात शून्याच्या खुणेखाली, उणे आकड्यात गेला आणि मोटर उलटी फिरली. वाळूचं पोतं धाडकन आपटलं. तुमच्या ओळी वाचत गेले, तेव्हा ही बंद चाचणी सापडली. सोमवारी पोत्याच्या जागी माझे बाबा असणार आहेत.”

इंजिनिअरचा चेहरा उतरला. ताईने पत्र वाचले.

“उणे तीनचा वर्ग किती रे?”

“नऊ.”

“नऊचं वर्गमूळ?”

“तीन. उणे जायला हवं, हा मात्र उणे तीनच देतो. कळलं गं ताई. पण नियम बदलला तर हा रखडेल. लोक वेगासाठीच याला वापरतात.”

“मग लिही ना त्या बाईंना! बाबांना जपून बसवा, आम्हाला घाई आहे म्हणावं.”

त्याने आधी ती चाचणी सुरू केली. मी सपशेल नापास झालो. मला फार लाज वाटली. मग त्याने नियम दुरुस्त केला: संख्या उणे नाही याची खात्री असेल तरच पायऱ्या गाळायच्या. सगळ्या चाचण्या पास झाल्यावर त्याने स्वतःची चूक सर्वांना दिसेल अशी, नावानिशी लिहिली. काही जण कुरकुरत मला सोडून गेले.

सोमवारी बाईंचे उत्तर आले. “बाबा खुर्चीत बसलेत. सहा महिन्यांनी खिडकीबाहेर बघतायत.”

मित्रांनो, मी आता जरा सावकाश चालतो, पण ताठ मानेने चालतो. मी सगळ्यांचा आहे, म्हणून माझी काळजीही सगळ्यांनी घ्यायची आहे. माझ्या आत डोकावा, चुकलो तर माझी भीड धरू नका. माझ्या उत्तरावर कुणाचे तरी बाबा बसलेले असतात.