आधी सांगायचं, मग हात लावायचा

पलंगाच्या कडेवर बसलेल्या आजोबांनी डावा पाय जरासा पुढे सरकवला आणि लगेच मागे घेतला. पाय सरकवा असं त्यांना अजून कोणी सांगितलंच नव्हतं.

खारू समोर उभी होती. चाकांच्या खुर्चीचे ब्रेक लावून झाले होते, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला वळवून झाल्या होत्या. फक्त बोलायचं राहिलं होतं, आणि तिथंच घोडं पेंड खात होतं. तिनं वर बघून श्वास घेतला आणि एका दमात म्हणून टाकलं,

"शित्सुरेइ शिमास. ताचिमाशोओ."

आजोबा हलले नाहीत.

"आजोबा, उठा ना. 'माफ करा, चला उभं राहू या' असं म्हटलं मी."

"म्हटलंस खरं. पण कोणाला? मला की पंख्याला?"

स्वयंपाकघरातून खारूच्या आईचा, म्हणजे सूनबाईंचा, आवाज आला, "पंखा एव्हाना उठला असता. बाबा काही उठायचे नाहीत."

खारू हसली आणि हसताना तिनं नेहमीसारखा तोंडावर हात धरला. पुढचे दोन दात मोठे, आणि लहानपणापासून कोपऱ्यात बसून गुपचूप काहीतरी कुरतडत राहायची सवय. त्यावरून आजोबांनीच तिला हे नाव दिलं होतं. खार निदान चिरचिर तरी करते. ही पोर पाहुणे आले की पडद्याआड आणि वर्गात शेवटच्या बाकावर. अशा मुलीनं एके दिवशी जेवताना मान खाली घालूनच सांगितलं की तिला जपानी शिकायचंय, आणि तिकडच्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला जायचंय. सूनबाईंच्या हातातला डाव तसाच राहिला. आजोबांनी मात्र विचारलं होतं, "अक्षरं किती आहेत त्यांची?"

अक्षरं तिनं भराभर आत्मसात केली. तिची वळणं आजोबा चष्मा कपाळावर चढवून बघत. काही समजत नसे. पण रेघ कुठं घाईनं ओढलीय आणि कुठं मनापासून, हे कळायला भाषा लागत नाही. पहिलीच्या वर्गाला शिकवण्यात आयुष्य काढलेल्या माणसाला तर नाहीच. लेखी परीक्षेत ती पहिल्या झटक्यात उत्तीर्ण झाली. मग निवडीची मुलाखत आली, समोर पडद्यावर माणसं दिसली, आणि तिच्या तोंडाला कुलूप लागलं. येत असलेलं सगळं गिळून ती घरी आली. आता दुसऱ्यांदा बोलावणं होतं. ही संधी गेली की या वर्षीचं दार बंद.

या कामाचा तिकडे एक नियम होता. जपानीच्या क्लासच्या बाईंनी तो घोटून घेतला होता. माणसाला हात लावण्याआधी त्याला सांगायचं. चादर बाजूला करायची तरी सांगायचं, कुशीवर वळवायचं तरी सांगायचं. त्यानं मान डोलावली की मगच हात पुढे करायचा.

आजोबांना हा नियम फार आवडला. पडून खुब्याचं हाड मोडलं तेव्हा दवाखान्यात त्यांना कितीदा तरी उचललं, वळवलं, सरकवलं होतं. माणसं वाईट नव्हती. हात कामात गर्क होते एवढंच. पण धान्याचं पोतंही उचलण्याआधी हमाल एकदा त्याच्याकडे बघतो, असं आजोबांना तेव्हा वाटून गेलं होतं. म्हणून खारूला सरावासाठी कोणीतरी आजारी माणूस हवा झाला, तेव्हा ते स्वतःच म्हणाले, "असं तयार गिऱ्हाईक तुला घरबसल्या कुठं मिळणार?"

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर. तिनं सांगायचं, आजोबांनी "हाइ", म्हणजे हो, म्हणायचं. उभं करताना तिनं विचारायचं, "इताकु नाइ देस का?" म्हणजे दुखत तर नाही ना? त्यावर आजोबांचं ठरलेलं उत्तर, "दाइजोबु देस." ठीक आहे. हे ते इतक्या झोकात म्हणत की खारू टाळ्या वाजवी.

"आजोबा, तुमचा उच्चार माझ्यापेक्षा चांगला आहे."

"मग मलाच पाठव तिकडे. कामाला नाही, आश्रमात भरती व्हायला."

खोट एकच होती. ती सगळं पाढ्यांच्या चालीवर म्हणायची. बे एके बे, बे दुणे चार. आजोबांनी तो सूर जन्मभर ऐकला होता. पोरं कविता घडाघडा म्हणतात, सूर कुठं चुकत नाही, आणि मध्येच थांबवून विचारलं, बाळा, यातला पक्षी कुठं बसलाय, तर डोळे विस्फारतात. पक्षी होता हेच त्यांना ठाऊक नसतं. त्यावर ओरडून उपयोग नाही हेही आजोबांना माहीत होतं. ते फक्त बसून राहत. आपल्याला उद्देशून बोलल्यासारखं वाटेपर्यंत जागचे हलत नसत.

"बाबा रुसलेत का गं?" सूनबाई विचारत.

"शिकवतायत," खारू म्हणे.

सूनबाई चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायचं काम करत. बारीक बघायची सवय लागलेली. एका दुपारी खारू क्लासला गेल्यावर त्यांनी आजोबांचा पायमोजा खाली केला आणि तशाच बसून राहिल्या.

"बाबा, घोटा बघा कसा झालाय. आणि उठताना ओठ चावता तुम्ही. दिसतं मला."

"काही नाही गं. नुकतं जुळलेलं हाड आहे, कुरकुरणारच."

"डॉक्टरांनी इतकी उठबस सांगितली होती?"

"मुलाखत होईपर्यंत थांब. तिला कळलं तर आजच्या आज सराव बंद करेल, आणि नुसतं भिंतीशी बोलून का भाषा येते? दोन दिवसांचा प्रश्न आहे."

"आणि तुमच्या पायाचा?"

"सूनबाई, तोंडातून अवाक्षर काढायचं नाही."

त्यांनी काढलं नाही. तेल गरम करून आणलं आणि जरा जास्तच जोर लावून चोळलं.

मुलाखत घरूनच होती. क्लासच्या बाईंनी सांगितलं होतं, उठवून खुर्चीत बसवण्याचं प्रात्यक्षिक घरातल्या माणसावर केलं तरी चालेल. सकाळीच सूनबाईंनी खोली आवरली, शिलाई मशिनवर दोन डबे आणि त्यावर फोन उभा केला. आजोबांनी दाढी करून इस्त्रीचा सदरा घातला.

"आजारी दिसायचंय तुम्हाला, नवरदेव नाही," सूनबाई म्हणाल्या.

"आजारी माणसानं गबाळं राहावं असा कुठं कायदा आहे?"

पडद्यावर एक बाई आल्या. केस आखूड, चेहरा शांत, हातात पेन. खारूनं कमरेत वाकून नमस्कार केला. नाव सांगितलं, वय सांगितलं, हे काम का करायचंय ते सांगितलं. शब्द येत होते, पण सूर पाढ्यांचाच. पेन हलत होतं. सूनबाई दाराआड पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या होत्या.

मग प्रात्यक्षिक सुरू झालं. "शित्सुरेइ शिमास." खारूनं ब्रेक तपासले, आजोबांचे पाय जुळवले, हात कुठं धरणार ते सांगितलं. "हाइ," आजोबा म्हणाले आणि आज कसलीच परीक्षा न घेता पुढे झुकले. तिनं पाठीला आधार दिला. "ताचिमाशोओ."

ते उठू लागले. अर्ध्यात आले, आणि खुब्यातून एक कळ अशी वर गेली की समोरची खोली क्षणभर पांढरी झाली. त्यांनी ओठ चावला. आवाज बाहेर पडू दिला नाही. फक्त खारूच्या दंडावरची त्यांची बोटं रुतली.

तिचं पुढचं वाक्य सुरू झालं होतं, ते मध्येच तुटलं.

फोनमध्ये पेन थांबलं. दाराआड सूनबाईंनी डोळे मिटले. पुन्हा कुलूप लागलं असं त्यांना वाटलं. आजोबांनाही तसंच वाटलं. पुढचं वाक्य त्यांना पाठ होतं. ओठ न हलवता पुटपुटलं असतं तरी भागलं असतं. पण खारू वाक्य आठवायला धडपडत नव्हती. ती पंख्याकडे बघत नव्हती, फोनकडेही नाही. ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"इताकु नाइ देस का?"

तेच शब्द. रोजचे. पण आवाज हळू, तुटका, चालीबिलीचा मागमूस नसलेला. प्रश्न विचारून ती थांबली होती. उत्तर काय येईल हे तिला ठाऊक नव्हतं.

ठरलेलं उत्तर आजोबांच्या जिभेवर तयार होतं. ते म्हटलं की दोन पावलं आणि खुर्ची, आणि सगळं सुरळीत पार. आयुष्यभर त्यांनी मुलांना एकच सांगितलं होतं: विचारणाऱ्याला खरं उत्तर द्यावं. विचारणाऱ्याला, नुसतं म्हणून दाखवणाऱ्याला नव्हे.

"इताइ," आजोबा म्हणाले. दुखतंय.

पुढे जे झालं ते कुठल्याच धड्यात नव्हतं. खारूनं त्यांना उभं केलंच नाही. "युक्कुरि, युक्कुरि," हळू, हळू, असं म्हणत पुन्हा पलंगावर बसवलं. पायाखाली उशी सरकवली, पण आधी उशीचा शब्द शोधला, नाही सापडला, तेव्हा उशी उचलून त्यांना दाखवली, आणि त्यांनी मान डोलावल्यावरच पायाला हात लावला. अडखळत, एकाला एक शब्द जोडत ती बोलत राहिली. त्यातलं निम्मं तरी चुकीचं असणार. आजोबांना त्यातला प्रत्येक शब्द आपल्यासाठी होता एवढं कळत होतं. त्यांचे डोळे भरून आले. ते दुखण्यानं, असं सूनबाईंना वाटलं.

खुर्ची रिकामीच राहिली. पडद्यावरच्या बाईंनी काहीतरी विचारलं, खारूनं ताठ उभं राहून उत्तर दिलं. मग दोघी वाकल्या आणि पडदा काळा झाला.

सूनबाई आत आल्या. "काय म्हणाल्या?"

"विचारत होत्या, खुर्चीत का बसवलं नाहीस."

"मग?"

"सांगितलं, त्यांना दुखतंय म्हणून."

"आणि?"

"आणि 'समजलं' म्हणाल्या. निकाल नंतर कळवणार."

"हातातोंडाशी आलेला घास गं," सूनबाई खुर्चीच्या दांड्याला धरून म्हणाल्या.

"घासाचं नंतर बघू," आजोबा म्हणाले. "पोर बोलली. ऐकलंस ना तू?" आणि सदऱ्याची कॉलर त्यांनी सारखी केली, पूर्वी शाळेत निरीक्षक येऊन गेल्यावर करत तशी.

खारू मात्र हसली नाही. ती त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली.

"आजोबा, रोज दाइजोबु म्हणायचात. मग आज का सांगितलंत? आजच?"

"आज तू विचारलंस."

सूनबाईंनी खुर्चीचे ब्रेक उगीचच काढले आणि पुन्हा लावले.

"पायमोजा काढते," खारू म्हणाली आणि हात तसाच हवेत धरून थांबली.

आजोबांनी मान डोलावली. सुजलेला पाय तिच्या मांडीवर ठेवू दिला, आणि कधीपासून दुखतंय ते सांगायला लागले.