दंड सुनेच्या नावावर

कपड्यांच्या त्या कारखान्यातील इस्त्री विभागात पगाराच्या दिवशी एक रूढी निर्वेधपणे पाळली जात असे. स्त्रीने वाफेत उभे राहून राबावे. तिच्या पगाराचे पाकीट आणि चिठ्ठी मात्र घरच्या पुरुषाच्या हाती जावी. आपली चिठ्ठी मागणे म्हणजे घरच्यांवर चोरीचा आळ घेणे, अशी समजूत होती. मुकादमाची सूनही लग्न झाल्यापासून त्याच समजुतीत राबत आली होती.

त्या दिवशी मुकादम साहेबांबरोबर बाहेर गेला होता. नव्या कारकुनाला रीत ठाऊक नव्हती. त्याने चिठ्ठी सरळ सुनेच्याच हातात ठेवली. ‘उशिरा आल्याचा दंड’ असे लिहून पगाराला चांगलीच कात्री लावलेली पाहताच तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

संध्याकाळी तिने ती चिठ्ठी सासऱ्याच्या ताटाशेजारी ठेवली.

“मामंजी, मी रोज तुमच्याच स्कूटरवर मागे बसून येते. मला उशीर होतो, तर तुम्हाला कसा होत नाही?”

मुकादमाने सावकाश घास संपवला. “हजेरी मी लिहितो. मला शिकवू नकोस.”

“पण खोटी का लिहिलीत?”

“बायका दंडावरून कुरकुर करतात. माझ्या सुनेलासुद्धा सोडत नाही म्हटलं, की तोंडं बंद होतात त्यांची. दंड जास्त निघाला की साहेब खूश. तुझं काय बिघडलं? खायला मिळतंय ना?”

“शिकलेली सून हवी होती ना तुम्हाला,” सासूबाई नवऱ्याला म्हणाल्या, “आता जेवता जेवता जबान्या द्या.”

नवरा ताटातून मान वर न करता पुटपुटला, “जाऊ दे ना. बाबांचा मान राख.”

“बाबांनी माझा राखला?”

“उद्या ऑफिसात तोंड उघडलंस,” मुकादम थंडपणे म्हणाला, “तर तिथूनच माहेरची वाट धर. या घराचं दार तुला बंद.”

तिला आपल्या पैशांचे दुःख होतेच. परंतु आपल्या नावाचा बोळा करून इतक्या जणींच्या तोंडात कोंबला गेला, ही गोष्ट तिला अधिक जाळीत होती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, सर्व बायकांच्या देखत ती कारकुनाच्या खिडकीशी उभी राहिली.

“हा दंड खोटा आहे. दुरुस्त करून द्या. आणि यापुढे चिठ्ठी माझ्याच हातात हवी.”

“सासऱ्याशी घरी भांड की,” विभागातली सर्वांत जुनी इस्त्रीवाली फणकारली. “आम्हाला कशाला मध्ये ओढतेस?”

“मावशी, तुम्हाला दंड लागला की माझं नाव सांगतात ना? मी एकदाही उशिरा आलेले नाही. आता तुमची चिठ्ठी बघा.”

मावशीने तिच्याकडे डोळे वटारले. मग तिला खांद्याने बाजूला सारून खिडकीशी गेली.

“माझ्या चिठ्ठीची नक्कल काढ रे. माझ्या पोराकडे नाही, मला दे.”

तिच्यामागे दुसरी आली, मग आणखी काही जणी. मुकादम दारात उभा राहून सुनेकडे जळजळीत नजरेने पाहत होता. तिने नजर खाली वळवली नाही.

त्या संध्याकाळी सासरचे दार उघडले की नाही, असे वाचक विचारतील. अवश्य विचारावे. परंतु त्याआधी आपल्या घरातील कमावत्या स्त्रीची पगारचिठ्ठी कोणाच्या खिशात आहे, तेवढे पाहून यावे.